थांब्याएवढं पुस्तक

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कुणी बसमध्ये उभ्यानं ऐकत असाल, कुणी भांडी घासता घासता, कुणी दिवा बंद करून अंथरुणात. जिथं असाल तिथं निवांत ऐका. आज काही अवघड बोलणार नाहीये.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. आपल्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न आला असेल, तर हा: "ताई, शाळेत असताना खूप वाचायचो. आता दोन पानांच्या पुढे जातच नाही. परत सुरू करायचंय, काय वाचू?"

आणि मी काय करायचे? पटापट चार नावं टाइप करायचे, खाली एक बदाम टाकायचे, झालं.

तर आधी एक कबुली. ती दिल्याशिवाय मला पुढचं बोलता यायचं नाही. मागच्या उन्हाळ्यापर्यंत, साधारण अडीच वर्षं, मी स्वतः एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. एकही नाही. पुस्तकांवर बोलणारी मुलगी म्हणून तुम्ही मला ओळखत होतात, आणि मी जुन्या वाचनाच्या शिलकीवर दिवस काढत होते. तुम्हाला पाठवायच्या त्या चार नावांपैकी दोन पुस्तकं माझी अर्धीच झाली होती. एक तर तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेलंच नव्हतं. माझ्या भरवशावर ज्यांनी ती विकत घेतली, त्यांची मनापासून माफी मागते.

हे माझं मलाच कसं कळलं, ते सांगते. कारण "काय वाचू" याचं उत्तरही मला तिथंच सापडलं.

माझं घर कराडला. पप्पा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. मागच्या मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, डोळा पूर्ण बरा झाला की मगच चष्म्याचा नवा नंबर काढू, महिनाभर तरी थांबा. तोवर जुना चष्मा उपयोगाचा नाही. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आले, म्हटलं इथूनच काम करीन.

आता पप्पा म्हणजे रोज वाचणारा माणूस. जेवणानंतर थोडं वाचल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. दोन दिवस त्यांनी रेडिओवर काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू एवढं पुस्तकांवर बोलतीस, मग मला वाचून दाखव की."

कपाटातलं 'व्यक्ती आणि वल्ली' काढलं. पुठ्ठा निघालेला, मम्मीनं वाकळेच्या दोऱ्यानं शिवलेला. म्हटलं सोपं काम आहे, आपल्याला तर माइकची सवय. 'नारायण' काढला. लग्नघरात ज्याच्या नावानं सगळे हाका मारत असतात, आणि कार्य उरकलं की ज्याची कुणाला फारशी आठवण राहत नाही, तो नारायण. मी छान आवाज लावला आणि सुरू केलं.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पप्पा म्हणाले, "आगं, मधलं कुठं गेलं?"

"काय मधलं?"

"अख्खा तुकडा गाळलास की."

मी पान बघितलं. खरंच, एक पूर्ण परिच्छेद माझ्या डोळ्यांनी उडी मारून ओलांडला होता आणि मला पत्ताही नव्हता. आणि यावर मी काय बोलले असेन? म्हटलं, "या आवृत्तीत नसेल पप्पा."

म्हणजे बघा! पुस्तक त्यांचं, माझ्या जन्माच्या आधीपासून घरात असलेलं, आणि मी त्यांना आवृत्ती शिकवतेय. ते हसले. म्हणाले, "बरं. गाडी मागं घे."

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी मला आणखी तीनदा पकडलं. मी ओळीची सुरुवात वाचत होते, शेवट अंदाजानं बोलत होते आणि खाली घसरत होते. अंगठ्यानं स्क्रीन वर सारतो ना, तसेच डोळे चालले होते. सहाव्या पानाला तर मी दमले. हात आपोआप फोनकडे गेला. पप्पांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "फोन बघितलास न्हवं? आवाज लांब गेला तुझा."

मग त्यांनी एक सोय केली. खाटेजवळच्या स्टुलावर पाण्याचा स्टीलचा तांब्या होता. त्यावर चमच्यानं एकदा टण्‌ केलं की थांबायचं, कुठंतरी चुकलंय. दोनदा टण्‌टण्‌ केलं की पुढं चालायचं. एसटीची सिंगल बेल, डबल बेल. हसत हसत चाललेलं सगळं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की मला वाचायला वेळ मिळत नाही. वेळ तर होता. रोज रात्री दीड-दोन तास रील्स बघायला होताच की. खरी गोष्ट अशी होती की मला वाचताच येत नव्हतं. मराठी माध्यमात शिकलेली, वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं घेतलेली मी, सहा पानं सलग वाचू शकत नव्हते. सायकल बरीच वर्षं चालवली नाही आणि एके दिवशी बसलो, तर पाय थरथरतात, तसं झालं होतं. ही भीती तुमच्यातल्या कितीतरी जणांना वाटत असणार. "माझं डोकंच गेलंय का?" असं शब्दशः लिहिणारे मेसेज मला आलेत. म्हणून सांगते: डोकं गेलेलं नसतं. सवय गेलेली असते, आणि ती परत येते.

आठवड्याभरानं मी पप्पांना विचारलं, "तुम्ही नोकरीत एवढं कधी वाचायचा? दिवसभर तर गाडीत उभे."

ते म्हणाले, "थांब्यावर."

त्यांची ड्युटी बऱ्याचदा माणदेशाकडे असायची. दहिवडी, आटपाडी त्या बाजूला. स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबायची, ड्रायव्हर चहाला जायचा, पप्पा कंट्रोलरकडे नोंद करून आले की सीटवर बसून वाचायचे. मुक्कामी गाडी असली तर रात्री गाडीतच, बॅटरीच्या उजेडात. पण मोठी कादंबरी त्यांनी ड्युटीवर कधी नेली नाही. म्हणाले, "मोठं पुस्तक काढलं की जरा रंगात यावं तर बेल मारायची वेळ. मग दिवसभर त्यातला माणूस डोक्यात अर्ध्या वाटेवर उभा. म्हणून मी थांब्याएवढंच काढायचो. वीस मिनिटांत सुरू होऊन वीस मिनिटांत संपणारं. एक संपलं की बरं वाटायचं, आन्‌ उद्याच्या थांब्याची वाट बघायचो."

थांब्याएवढं पुस्तक. मंडळी, मला वाटतं सगळं उत्तर यात आहे.

वाचन सुटलं की आपण नेमकं उलट करतो. मीही केलं. त्याच वर्षी एक जानेवारीला मी ठरवलं, आता मोठं काहीतरी. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' काढली. सहाशे पानांच्या आसपासची कादंबरी. सोबत वर्षात पन्नास पुस्तकांचं चॅलेंज. अडतिसाव्या पानावर खूणपट्टी राहिली ती राहिलीच. त्यात पुस्तकाचा काही दोष नाही. आजारातून उठलेल्या माणसाला कुणी थेट पंगतीला बसवत नाही, आधी मऊ भात देतात. आणि मऊ भात खातोय म्हणून कुणी त्याला हसतही नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपणच आपल्याला हसतो. "या वयात फास्टर फेणे?" असं दुसरं कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून मोकळे होतो.

तर आता पुस्तकं. ही यादी नव्यानं केलेली आहे, आणि यातलं प्रत्येक पुस्तक मी पूर्ण वाचलेलं आहे, शपथ!

पहिली, थांब्याएवढी पुस्तकं. 'व्यक्ती आणि वल्ली' सगळ्यात आधी. पु. लं.च्या या पुस्तकाला 1965 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय, त्यामुळे सोपं म्हणजे कमी दर्जाचं, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा. एकेक माणूस, एकेक बैठक. क्रमानं वाचायची गरज नाही. आज अंतू बर्वा, उद्या हरितात्या. गंमत म्हणजे यात एक सखाराम गटणेही आहे, जो इतका वाचतो की बोलायलाही पुस्तकासारखाच लागतो. आपलं सध्या तरी तसं व्हायची भीती नाही!

तसंच व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं', 1949 सालचं. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, अशी माणसं. वाक्यं छोटी, कुठंही शब्दांचा फापटपसारा नाही. ज्याचे डोळे घसरतात, त्याच्यासाठी हे फार चांगलं, कारण घसरायला जागाच मिळत नाही. पप्पा हे पुस्तक त्याच मुलखातल्या स्टँडवर बसून वाचायचे. म्हणायचे, पान मिटून खिडकीबाहेर बघितलं की तीच माणसं पिशव्या घेऊन गाडीकडं येताना दिसायची.

हसायचंच असेल तर चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. भाषा थोडी जुनी वाटेल, पण दोन गोष्टी झाल्या की कान बसतो. आपली फजिती आपणच सांगणारा साधा, भित्रा माणूस. आपल्या सगळ्यांच्या घरात एक चिमणराव असतोच, बहुतेक वेळा आरशात.

दुसरी, ओळखीची पुस्तकं. हा माझा सगळ्यात लाडका उपाय. नवीन पुस्तकात शिरताना पहिली तीस पानं जड जातात, कारण कोण कुणाचा, गाव कुठलं, हे सगळं डोक्यात मांडावं लागतं. ओळखीच्या पुस्तकात ते मांडलेलंच असतं. म्हणून लहानपणी वाचलेलं परत वाचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि तोंडात ट्टॉक. मी पहिलं पूर्ण पुस्तक संपवलं ते हेच, एका दुपारी, आणि अडीच वर्षांनी शेवटचं पान उलटल्यावर मी अक्षरशः उठून मम्मीला सांगायला गेले. तिला वाटलं ऑफिसातनं प्रमोशनचा फोन आला.

किंवा पडद्यावर पाहिलेलं घ्या. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका ज्यांना आठवते किंवा ज्यांनी नंतर मोबाइलवर पाहिली, त्यांनी दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' वाचावं. मालिका त्यावरूनच आली. घरातल्या माणसांच्या डायऱ्या, म्हणजे नोंदीच नोंदी. दोन नोटिफिकेशनच्या मध्ये एक नोंद सहज होते. आणि 2024 मध्ये 'लंपन' ही वेबसिरीज ज्यांना आवडली, त्यांनी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' उघडा. आईवडिलांपासून लांब, आजीआजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडचं वातावरण, कानडी वळणाचं मराठी. ते आवडलं तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आहेतच. संत आमच्या कराडलाच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, याचा पप्पांना असा काही अभिमान आहे, की जसं काही तिकीट त्यांनीच फाडलं होतं.

तिसरी, हळू चालणारी पुस्तकं. ही जरा पाय स्थिर झाल्यावर. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' बारा महिन्यांचं आहे, महिन्याला एक प्रकरण. मी ते तसंच वाचतेय असं सांगितलं असतं, पण शपथ घेतलीये ना, म्हणून खरं सांगते: श्रावणाला थांबायचं ठरवलं होतं, राहवलं नाही, सगळं संपवलं. आता दुसऱ्यांदा महिन्याला एक असं चाललंय. आपल्या घरासमोरच्या झाडाला कधी पालवी येते, हे मला या पुस्तकामुळे पहिल्यांदा बघावंसं वाटलं.

आणि मग 'बनगरवाडी'. पुन्हा माडगूळकरच, 1955 सालची, दीडशे पानांच्या आतली कादंबरी. धनगरांच्या वस्तीत एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच सुरुवात. थांब्यावर वाचायची सवय लागली की ही पहिली लांब गाडी पकडायला उत्तम.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दिलासा देणारं पुस्तक म्हणजे सगळं गोड गोड असतं, असं नाही. 'बनगरवाडी'त दुष्काळ आहे. लंपनच्या गोष्टींत घरच्यांची आठवण पोटात ढवळून काढते. साने गुरुजींची 'श्यामची आई' तर बेचाळीस रात्रींत सांगितलेली, दर रात्री थोडी थोडी, म्हणजे थांब्याएवढीच, पण कोरड्या डोळ्यांनी कोण वाचणार? तरी ही पुस्तकं जवळची वाटतात, कारण ती आपल्याशी घाई करत नाहीत. समोर बसून एकेक गोष्ट सांगतात. आपल्याला काही सिद्ध करून दाखवायला सांगत नाहीत. दिवसभर सगळेच काहीतरी सिद्ध करायला सांगत असतात हो. बॉस सांगतो, नातेवाईक सांगतात, फोन तर सांगतोच. रात्री निदान पुस्तकानं तरी सांगू नये.

आता कसं वाचायचं, ते पटकन सांगते, कारण यात फार काही शास्त्र नाही.

एक, मोठ्यानं वाचा. निदान पहिले पंधरा दिवस. मोठ्यानं वाचताना ओळ गाळता येत नाही, गाळली तर वाक्य लंगडतं आणि आपल्यालाच ऐकू येतं. घरात ऐकणारं माणूस असेल तर फारच छान. आजी, धाकटा भाऊ, रूममेट, कुणीही. नसेल तर स्वतःलाच वाचून दाखवा.

दोन, पानं मोजू नका, पुस्तकंही मोजू नका. आपला थांबा ठरवा. लोकलमधली चार स्टेशनं, दुपारच्या डब्यानंतरची दहा मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात मावेल असंच काहीतरी हाताशी ठेवा.

तीन, नाही आवडलं तर सोडा. मधेच उतरलं म्हणून कुणी दंड करत नाही. दिवाळी अंक यासाठी मला फार आवडतात. 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे ही सोय आहे: एक कथा नाही पटली तर पान उलटा, पुढे कविता आहे, व्यंगचित्र आहे, राशिभविष्य आहे. मागच्या वर्षीचे अंक रद्दीच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात. गावातल्या वाचनालयात तर वर्गणीत वाचायला मिळतात. आणि तिथं पुस्तक परत करायची तारीख असते, ही चांगली गोष्ट आहे. विकत घेतलेलं पुस्तक उद्यावर ढकलता येतं.

चार, फोनवर वाचलं तरी चालेल, ऑडिओबुक ऐकलं तरी चालेल. तुम्ही आत्ता मला ऐकताय, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? फक्त एवढंच, की ऐकलेलं आवडलं तर त्यातला एखादा भाग डोळ्यांनीही वाचून बघा. आपले डोळे अजून आपल्या ताब्यात आहेत का, ते कळतं.

आता शेवटचं.

जूनच्या अखेरीला पप्पांना नवा चष्मा आला. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी सवयीनं पुस्तक घेऊन बसले, तर त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, "आण इकडं." मला आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही, पण थोडं वाईटही वाटलं. महिनाभर रोजचा तासभर आमच्या दोघांचा होता. तेवढं बोलणं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं, आणि त्यातलं निम्मंअधिक तर दुसऱ्याच कुणाचं होतं, पुस्तकातलं.

मी माझ्या खाटेवर जाऊन 'बनगरवाडी' काढली आणि मनातल्या मनात वाचायला लागले. पलीकडे ते वाचतायत, इकडे मी. बराच वेळ गेला. माझं लक्ष कुठंतरी उडालं, हात फोनकडे गेला असावा. तेवढ्यात पलीकडून तांब्यावर चमचा वाजला. एकदाच. मी बघितलं तर ते पुस्तकातनं मान वर न करता वाचतच होते.

आता मी परत पुण्यात आहे. तेव्हापासून माझी अकरा पुस्तकं झालीत. मोजू नका म्हटलं आणि मीच मोजली, माहितीये! 'हिंदू'ची खूणपट्टी अडतीसवरून एकशे बारावर गेलीये. घाई नाही. आणि यापुढे जे पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलेलं नाही, त्याचं नाव या माइकवर शिफारस म्हणून येणार नाही, एवढा शब्द देते.

तुम्ही मला एक करा. मोठी यादी नको. तुमचा थांबा कुठला आणि त्यावर तुम्ही कुठलं पुस्तक काढणार, एवढंच एका ओळीत कळवा. त्यातले निवडक मेसेज पुढच्या भागात वाचून दाखवीन. एकही ओळ न गाळता.

चला, भेटू पुढच्या भागात. टण्‌टण्‌!